फाईव्ह पॉइंट वन आणि तेलाचा डबा

मला आधी हरिओमचा राग आला, मग दुकानदाराचा, मग वायरींचा आणि शेवटी नळाचा. या यादीत तुमचं स्वतःचं नाव कुठेच कसं नाही, असं बायको विचारते. (तिच्या यादीत एकच नाव आहे.)

हरिओम म्हणजे माझा मेहुणा, राहणार उमरी. दिवाळीत सासरी गेलो तर यानं बैठकीत होम थिएटर लावलेलं. मला मधोमध खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "दाजी, आता मागून हेलिकॉप्टर येतंय बघा." आलं. मी चक्क मान खाली घातली. सगळं घर खो खो हसलं. सासरे शेषेराव तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. वर हरिओम म्हणतो, "तुमच्या कॉम्प्युटरचा आवाज म्हंजे डब्यात अडकलेली माशी."

लातूरला परत येईपर्यंत मी एसटीत दातओठ खात होतो. आपल्याही घरात मागून हेलिकॉप्टर आलं पाहिजे, एवढं माझं ठरलं.

बायको सुकन्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे घरातली मंजुरी तिच्याकडून घ्यावी लागते. "दोन हजार. त्याच्या वर एक रुपया नाही," ती म्हणाली. पुढचा एक महिना मी कॉम्प्युटरला जोडायच्या साउंड कार्डांवरचे अभिप्राय वाचले. एकजण लिहितो 'उत्तम', त्याच्याच खाली दुसरा लिहितो 'फेकून द्या', आणि तिसरा लिहितो 'अजून उघडलं नाही, पण खोकं छान आहे' आणि पाच तारे देतो! अशा माणसाला शोधून काढून जाब विचारावा असं मला फार वाटतं.

शेवटी मृत्युंजयच्या दुकानात गेलो. त्यानं एक काडेपेटीएवढी डबी पुढे सरकवली.

"साडेतीनशेला सेव्हन पॉइंट वन हाय की साहेब."

मी उलटसुलट करून पाहिली. भोकं दोनच. एक हेडफोनचं, एक माइकचं.

"अहो, दोन भोकांत सात स्पीकर कसे जाणार?"

"ते सॉफ्टवेअरमधून जातेत."

"आणि पॉइंट वन?"

"पॉइंट वन म्हंजे ते खालचं, छातीत दणकणारं. ते बी सॉफ्टवेअरमधूनच."

भूमी अभिलेख कचेरीत वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा सात जणांची नावं लावलेला दोन गुंठ्यांचा उतारा दाखवत होता! मी एवढा आवाज चढवला की त्यानं मुकाट्यानं कपाट उघडून अठराशे पन्नासची खरी फाईव्ह पॉइंट वन काढली. मी भोकं स्वतः मोजून घेतली. पाच होती. (कोणत्या भोकात काय जातं हे विचारायचं राहिलं, पण रागात माणसाला सगळंच सुचत नाही.) स्पीकर घरात होतेच. बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरसोबत आलेले पाच लहान आणि एक मोठं दणकणारं खोकं.

तो शनिवार होता. मला सुट्टी, सुकन्याला अहमदपूरला प्रशिक्षण. आणि रविवारी उमरीहून तिच्या माहेरचे अकरा जण जेवायला येणार होते. घर बांधल्यापासून पहिल्यांदाच. सासरे आधी म्हणाले होते, "लातूरला पाणी न्हाई, काय न्हाई. तुम्हीच या की इकडं." त्यावर सुकन्यानं फोनवर ठणकावलं होतं, "बाबा, आमच्याकडे सगळं वेळच्या वेळी होतं. तुम्ही या तर खरं."

आमच्या गल्लीत दहा दिवसांनी नळ येतो, तो नेमका शनिवारी येणार होता. सुरुवातीचं पाणी गढूळ असतं, म्हणून पाइप आधीच हौदात सोडून ठेवता येत नाही. त्यासाठी सुकन्याची एक पद्धत आहे. मागच्या अंगणातला नळ उघडा ठेवायचा आणि खाली तेलाचा रिकामा डबा पालथा मांडायचा. पाणी आलं की डबा वाजतो. मग दहा मिनिटं गढूळ पाणी जाऊ द्यायचं आणि पाइप हौदात सोडायचा.

"डबा वाजला की उठायचं," निघताना ती तीनदा म्हणाली. "आज एवढं एकच काम करा."

ती गेली आणि मी वायरी घेऊन बसलो. कॉम्प्युटर पुढच्या भिंतीला, माझी पाठ मागच्या दाराकडे. मागचे दोन स्पीकर मी त्या दाराच्या दोन्ही बाजूंना लावले, एक फ्रीजवर आणि एक कपाटावर. वायरी एकमेकींत अशा गुंतल्या की दात लावून सोडवाव्या लागल्या. दोन तास टेबलाखाली उताणा पडून, टॉर्च लावलेला मोबाईल तोंडात धरून मी पिना खुपसत होतो.

मग सराउंड तपासायची एक क्लिप लावली. त्यात आधी हेलिकॉप्टर होतं. ते पुढेच घिरट्या घालत राहिलं, मागे यायचं नावच घेईना. मी संतापून मृत्युंजयला फोन लावणार, तेवढ्यात क्लिपमध्ये पत्र्याच्या शेडवर पाऊस सुरू झाला. आणि माझ्या पाठीमागून, थेट मागच्या दारातून, पत्र्यावर पाणी तडतडायला लागलं!

काय तो आवाज! अंगावर काटा आला. थेंबन् थेंब वेगळा ऐकू येत होता. अठराशे पन्नासमध्ये! मी डोळे मिटून बसलो. तेवढ्यात शेजारच्या साखराबाई नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडून कोकलायला लागल्या. चांगलं काही ऐकू म्हणून देत नाहीत ही माणसं. मी चिडून आवाज वाढवला. पुढे क्लिप संपली तरी पाऊस काही थांबेना. खऱ्या सराउंडमध्ये आवाज रेंगाळत असणार, असं मी धरून चाललो आणि पुन्हा क्लिप लावली.

मग हरिओमला फोन केला आणि मोबाईल मागच्या दाराकडे धरला.

"ऐक! मागचा आवाज ऐक!"

त्यानं ऐकलं. मग म्हणाला, "दाजी, ह्यो आवाज लईच खरा वाटायलाय. तुमचा नळ तर आला न्हाई ना?"

"जळतोस!" मी ओरडलो. "तुझ्या पन्नास हजारांच्या थिएटरला माझं अठराशेचं कार्ड भारी पडलं, म्हणून जळतोस!"

"दाजी, एकडाव उठून तर बघा."

मी फोन कापला. आणि रागाच्या भरात ती क्लिप आणखी चार वेळा ऐकली.

पाचला सुकन्या आली. फाटकातच तिला साखराबाईंनी गाठलं. "दीड तास नळ व्हता गं बाई. हाका मारून मारून घसा बसला माझा. ह्यांनी उलट पिक्चरचा आवाज मोठा केला."

मागच्या अंगणात चिखल झाला होता. हौदाच्या तळाला गेल्या खेपेचं चार बोटं पाणी होतं. पालथा डबा मात्र लख्ख धुऊन निघाला होता.

"मी तुम्हाला किती कामं सांगितली होती?"

"एक."

"फाईव्ह नाही, पॉइंट वन नाही. एक! तेवढंही जमलं नाही?"

मी टँकरवाल्याला फोन केला. त्यानं सोमवारची वेळ दिली. मी त्याच्यावर ओरडलो, त्यानं मंगळवारची दिली. सुकन्या ओरडत होती तोवर ठीक होतं. मग ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "आता बाबांना कोणत्या तोंडानं पाणी देऊ?" तेव्हा मात्र मला स्वतःची फार लाज वाटली. (हे तिला सांगितलेलं नाही.)

रविवारी सकाळी जीप आली. आधी सासरे उतरले, मग बाकीचे दहा, आणि त्यांच्या मागे पाण्यानं भरलेले बारा कॅन दिसले.

"हरिओम म्हणला, फोनवर नळ वाजायलाय आन् दाजी म्हणतेत पिक्चर हाय," सासरे शांतपणे म्हणाले. "मी म्हणलं, भरा कॅन."

सुकन्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "मामा, चूक झाली. पण कार्ड खरंच इतकं भारी आहे की कुणीही फसलं असतं." तोवर हरिओम टेबलाखाली शिरला होता.

"दाजी, मागच्या स्पीकरची पिन माइकच्या भोकात हाय," तो खालूनच म्हणाला. "मागचे स्पीकर काल वाजलेच न्हाईत."

म्हणजे काल दीड तास मी जे डोळे मिटून ऐकलं, ते सगळं आमच्या तेलाच्या डब्याचं होतं. कार्डाचा त्यात काडीचाही हात नव्हता. हरिओमनं पिन काढून शेजारच्या भोकात खुपसली आणि क्लिप लावली.

माझ्या पाठीमागून पत्र्यावर पाणी तडतडायला लागलं.

मी ताडकन उठलो, मोरीतली बादली उचलली आणि मागच्या अंगणात धूम ठोकली. नळ कोरडा होता. डबाही कोरडा होता.

घरातून हसण्याचा आवाज आला. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, खिडकीतून आला. छातीत दणकणारं ते खालचं घुमणं म्हणजे सासरे होते. पॉइंट वन म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं.

फक्त सुकन्या हसली नाही. ती मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बादली घेतलीच आहे, तर जीपमधले कॅन हौदात ओता. आणि हो, आज मागून आवाज आला, तर तो माझा असेल."