खांद्यावरचा टॉवेल

"अहो, कानाचं मशीन सापडलं का?" बायकोने पुन्हा विचारलं.

"चालेल, पण साखर कमी," कारागीर म्हणाले.

तिने चहाचं आधण ठेवलं. ओरडून घसा बसवून घेण्यापेक्षा ते सोपं होतं. दोन दिवस ती मशीन शोधत होती. उशीखाली पाहिलं, धुवायच्या कपड्यांचे खिसे उलटे केले, लाकडाच्या भुशाचं पोतं पार ढवळून काढलं. आणि त्याच दोन दिवसांपासून घरात कुठेतरी एक बारीक शिट्टी वाजत होती. ती थांबायची, आणि आता गेली म्हणेपर्यंत पुन्हा सुरू व्हायची.

कारागीर व्हायोलिन बनवायचे. तरुणपणी ते पहिल्यांदा तिच्या घरी आले होते, तेव्हा आत येण्याआधी त्यांनी दारावर तीन ठिकाणी टकटक केली होती आणि तिच्या वडिलांना म्हणाले होते, "खालची फळी आतून पोखरलीय." वडिलांना राग आला होता. पुढे खरंच ती फळी भुसभुशीत निघाली. असे ते कान! आता दाराची घंटा वाजली तरी ती त्यांना हाताला धरून सांगावी लागे.

पण हे बाहेर कळता कामा नये, असा त्यांचा हुकूम होता. "बहिऱ्याचं व्हायोलिन कोण घेईल? उद्याच्या उद्या दुकान बंद करावं लागेल." म्हणून मशीन दिसू नये यासाठी ते घरातही कानांवरून लोकरीची टोपी घालत. गिऱ्हाईक वाजवायला लागलं, की बायको त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राही. तिने टॉवेल खांद्यावर टाकला, की कारागिरांनी "वा!" म्हणायचं. टॉवेल हातात असला, तर नुसतं विचारात पडायचं.

शिट्टी नळातून येते आहे असं तिला वाटलं, म्हणून तिने नळवाल्याला बोलावलं. त्याने पाणी बंद केलं, मोरीचा पाइप सुटा करून जमिनीवर मांडला, आणि मग मान वाकडी करून ऐकत बसला.

"काकू, हे पाण्याचं नाही. तिकडून येतंय."

"तिकडून" म्हणजे कारागिरांच्या टेबलावरून. तिथे नवंकोरं, अजून रोगण न लावलेलं व्हायोलिन तारा चढवून तयार होतं. तिने ते कानाशी नेलं आणि मटकन स्टुलावर बसली.

झालं होतं असं. वरची फळी बसेपर्यंत व्हायोलिन म्हणजे काठ असलेलं उथळ ताटच. पेन्सिल, खोडरबर, चष्मा, कारागीर सगळं त्यातच ठेवत. फळीवर बोट वाजवून बघताना मशीन कुईकुई करायला लागलं, म्हणून त्यांनी ते काढून तिथेच ठेवलं. सरस गार व्हायच्या आत फळी चिकटवायची घाई. "आत काही राहिलं नाही ना?" असं बायकोने तेव्हा विचारलंही होतं. ऐकायला मशीन कुठे होतं? सरसाच्या थेंबात ते आत चिकटून बसलं, म्हणून खुळखुळलंही नाही.

तिने व्हायोलिनकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे. कारागिरांचा चेहरा उतरला.

"फळी उघडावी लागेल."

"मग उघडा!"

"किती वाजले? आज गिऱ्हाईक यायचंय ना!"

तेवढ्यात घंटा वाजली. व्हायोलिन शिकवणारे मास्तर वाजवून बघायला आले होते. मानेवर रुळणारे पांढरे केस, ताठ कणा. त्यांना आवडलं, तर ते विद्यार्थ्यांनाही इथेच पाठवणार होते. नळवाला म्हणाला, "मी वॉशर घेऊन येतो," आणि गेला तो गेलाच.

मास्तर मोरीचा पाइप ओलांडून आत आले. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. बायको टॉवेल घेऊन दारात उभी राहिली. शिट्टी सुरू झाली.

मास्तर थबकले. चेहरा लाल झाला. मग घाईने केसांत हात घालून त्यांनी कानामागून एक मशीन काढलं आणि खिशात टाकलं.

"माफ करा," ते खाली मान घालून म्हणाले. "माझंच वाजतंय. कुणाला बोलू नका. मास्तरला ऐकू येत नाही असं कळलं, तर एक विद्यार्थी राहणार नाही."

बायको थक्क झाली. डोक्याला हात लावायचा म्हणून तिने हातातला टॉवेल खांद्यावर टाकला.

"वा!" कारागीर म्हणाले. "फारच सुंदर!"

हे एवढं मोठ्याने होतं, की मास्तरांपर्यंतही पोहोचलं. आपली थट्टा झाली असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. बायकोच्याने मग राहवलं नाही. नवऱ्याचा हुकूम, दुकान, विद्यार्थी, सगळं गेलं खड्ड्यात. ती पुढे झाली आणि तिने कारागिरांची टोपी उचलली.

"मास्तर!" ती त्यांच्या कानाशी ओरडली. "तुमचं नाही वाजत! यांचं वाजतंय! व्हायोलिनच्या पोटात आहे!"

मास्तरांनी आधी टोपीखालच्या टकलाकडे पाहिलं, मग व्हायोलिनकडे, आणि ते हसत सुटले. कारागिरांना ऐकू आलं नाही, पण मास्तरांनी खिशातलं मशीन काढून दाखवल्यावर सगळं कळलं. ते हळूच खुर्चीत टेकले. बऱ्याच वर्षांनी पाहुण्यासमोर त्यांचं डोकं उघडं होतं.

"उद्या उघडतो," ते म्हणाले. "पण आज एकदा वाजवाच."

आता नवीनच पंचाईत. मास्तरांनी मशीन लावलं, की शिट्टी ऐकू येई. काढलं, की व्हायोलिन ऐकू येत नसे. शेवटी ते मशीनशिवायच वाजवू लागले, डोळे मिटून, जुन्या सवयीने. कारागीर त्यांची बोटं बघत होते. बायकोने टॉवेल बाजूला ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्या खोलीत निवांत बसून ऐकू लागली. शिट्टी सोडली, तर फार गोड वाजत होतं.

तारांवरचा गज थांबला. दोघेही तिच्याकडे वळले, परीक्षेचा निकाल ऐकायला उभे राहावेत तसे.

"सांग ना," कारागीर म्हणाले. "कसं वाजतंय?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने घसा खाकरला, नीट विचार केला.

"छान आहे," ती म्हणाली. "फक्त तिसरी तार जरा उतरलीय."

दोघांनी एकाच वेळी हात कानामागे नेला.

"काय?"