कचेश्वर आबांच्या थंडीचं संबळ

उंबरे नजीक या गावात थंडी वाजते ती कानांना ऐकू येते, आणि कुणाची कशी वाजते हे आरोग्य केंद्राला माहीत असावं लागतं.

आता सोपानतात्या बोडके घ्या. त्यांची थंडी पिपाणीसारखी वाजते. पोस्टातल्या बाईंची टाळासारखी वाजते, एकदाच, आणि मग बराच वेळ घुमत राहते. तान्ह्या लेकरांची खुळखुळ्यासारखी असते. ती वाढत्या वयाबरोबर बदलत जाते आणि लग्नाच्या सुमाराला कायमची ठरते. पूर्वी मुलगी बघायला गेले की चहा येण्याआधी माणसं हळूच विचारायची, थंडी कशी आहे मुलीची? सुरात असली की पुढची बोलणी.

कार्तिक सरला आणि द्राक्षबागांतून पहाटेचा धूर करायला लागले, की आरोग्य केंद्राची माणसं कामाला लागतात. घोगरी वाजणाऱ्याला आलं आणि गवती चहाचा काढा. अडखळत वाजणाऱ्याच्या अंगात रक्त कमी म्हणून बाजरी, तीळ, गूळ. सुरात वाजली की माणूस ठणठणीत, त्याला घोंगडी देऊन घरी पाठवायचं. अवघड काय, तर थंडी न वाजणं. वाजलेली थंडी निघून जाते, न वाजलेली हाडात बसते. अशा माणसाला मुकी थंडी आहे म्हणतात आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन शिवरात्रीपर्यंत ठेवतात.

कचेश्वर आबा डोखळ्यांना ही काळजी कधी शिवली नव्हती. त्यांची थंडी संबळासारखी वाजायची. एक मोठ्या तोंडाचं, खाली घुमणारं. एक लहान तोंडाचं, कडकडीत, ताल धरणारं. एका माणसाच्या अंगात दोन तोंडं वाजतात असा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. एकदा एक गोंधळी त्यांच्या ओट्यापाशी थबकला, कान देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, "बाबा, चामडं कुणाकडून मढवून घेतलं?"

आबा म्हणाले, "आईकडून."

हे उत्तर आबांना इतकं आवडलं, की पुढं विचारलं नसलं तरी ते देत असत. गावची शेकोटी त्यांच्याच अंगणात पेटायची. आबा सदऱ्याची बटणं उघडी टाकून बसायचे, संबळ वाजायचं आणि माणसं हात शेकत ऐकायची. दारात चंद्राबाई, म्हणजे आबांची बायको, चहाचं भगुलं घेऊन उभी. सोपानतात्यांची पिपाणी मध्येच सुरू झाली की आबा म्हणायचे, "तात्या, जरा दमानं. वरात नाय निघाली." सगळे हसायचे. तात्याही हसायचे, पण कमी.

त्या वर्षी केंद्रात नव्या डॉक्टर म्हणून खैरनार मॅडम आल्या. वयानं लहान, कामाला वाघीण. त्याआधी सिस्टर घरोघर जायची, दारातूनच कान द्यायची, आत संबळ ऐकू आलं की "दोघं बरे आहात ना?" विचारून पुढं जायची. मॅडमना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की घरात बसून एकेकट्यानं वाजलं तर थंडी माणसाला चावते. गावानं एकत्र वाजलं तर ती आपल्याच वाजण्यात रमते आणि चावायची विसरते. म्हणून रोज सूर्य उगवताना शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी जमायचं आणि एका तालात वाजायचं. हे गावाला फार आवडलं. खोकल्याची औषधं केंद्रात पडून राहायला लागली. शनिवारी जिल्ह्याचे साहेब खुद्द ऐकायला येणार, असा निरोप आला तेव्हा तर गावाची मान अशी ताठ झाली की विचारू नका.

त्याआधी मॅडमनी तपासणी लावली. पुरुष केंद्रात सकाळी, बाया समाजमंदिरात दुपारी. एकेकानं यायचं, शाल काढून ठेवायची, वाजायचं.

आबांचा नंबर आला. त्यांनी ऐटीत सदरा उघडला.

धूम्, वाजलं. मग धूम्. मग पुन्हा धूम्.

"एवढंच?" मॅडमनी विचारलं.

"थांबा, लहान तोंड अजून लागलं नाय," आबा म्हणाले.

सगळे थांबले. लहान तोंड काही लागलं नाही. रांगेतून सोपानतात्या म्हणाले, "मॅडम, यांचं अर्धं संबळ उसनं गेलंय वाटतं."

आबा सदरा लावून घरी आले आणि चुलीपाशी बसले. संध्याकाळी चंद्राबाई समाजमंदिरातून परतली ती वेगळंच घेऊन आली.

"माझी वाजलीच नाय," ती म्हणाली. "त्या पोरीनं लई येळ कान दिला. म्हणाली, आजी, मुकी थंडी. शनिवारी गाडी येईल, कपडे बांधून ठेवा."

चंद्राबाई लग्न होऊन आली तेव्हापासून एकही हिवाळा त्या घराबाहेर झोपलेली नव्हती. माहेरी गेली तरी उन्हाळ्यात जायची, पाहुणचार घेऊन पावसाच्या आधी परत. आबांना तिच्याशिवायचा हिवाळा डोळ्यांपुढं आणता येईना. आणता येईना म्हणून ते नुसते तिच्याकडं बघत बसले. ती चुलीत काटक्या सारायला त्यांच्याजवळ टेकली, आणि त्यांच्या छातीत कडकड करून लहान तोंड वाजायला लागलं.

"आलं!" आबा उठलेच. "अगं, आलं माझं! आता तुझंबी बोलतो त्यांच्याशी." आणि तसेच अनवाणी केंद्राकडं निघाले.

केंद्रात सदरा उघडला. धूम्. धूम्.

"आबा, सकाळीच तर ऐकलं हे," मॅडम म्हणाल्या.

"घरी वाजतं वो. इथं वाजत नाय."

"संबळ जागा बघून वाजतं का?"

"मी कुठं बघितलं आतून?"

मॅडमनी डोक्याला हात लावला. "आबा, केंद्राला नीट काय ते कळलं पाहिजे. मला गोंधळ नको."

"संबळ म्हटल्यावर गोंधळ व्हायचाच, मॅडम."

एवढ्यात फाटकातून चंद्राबाईचा आवाज आला. "काय माणूस म्हणावं! थंडीचं अनवाणी पळत सुटलं. आधी पायात घाला हे." तिच्या हातात आबांच्या चपला होत्या. ती दोन पावलं आत आली आणि कडकड, कडकड, लहान तोंड असं वाजलं की टेबलावरच्या बाटल्या थरथरल्या.

मॅडम हुशार बाई. त्या म्हणाल्या, "आजी, चपला तिथंच ठेवा आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन या बरं."

चंद्राबाई लिंबाकडं गेली तसं लहान तोंड बारीक होत गेलं. रस्त्याच्या पलीकडं गेली तसं बंद पडलं. परत आली तसं परत आलं. मॅडमनी तिला तीनदा पाठवलं. तिसऱ्या वेळी चंद्राबाई म्हणाली, "पोरी, माझं भाकरीचं पीठ तसंच पडलंय."

मॅडमनी तिला खुर्ची दिली. "आजी, तुमची थंडी मुकी नाही. चांगली वाजते. फक्त ती आबांच्या अंगात वाजते."

आबांनी चंद्राबाईकडं बघितलं. चंद्राबाईनं पदर सारखा केला.

"बरं," ती म्हणाली. "वस्तू माझी आणि नाव यांचं. त्यात नवं काय?"

सिस्टरला हसू आवरेना. मग तिनं कामाचं विचारलं. "मॅडम, मग घोंगडी कुणाला द्यायची?"

मॅडमनी पुष्कळ विचार केला. "थंडी ज्याची त्याला घोंगडी. वाजते ज्याच्यात त्याला काढा." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण हे माझ्या अधिकारात बसत नाही. गाडी मी थांबवू शकत नाही. शनिवारी साहेब येतील तेव्हा त्यांच्यासमोर सांगावं लागेल, सगळ्या गावात, आणि आबांनी आपल्या तोंडानं सांगावं लागेल. अंग त्यांचं आहे."

आबा घरी येताना चपला हातातच घेऊन आले. वाटेत तात्या भेटले, काय झालं विचारलं, तर आबा म्हणाले, "काय नाय." रात्री जेवताना त्यांनी एकदाच विचारलं, "लहान तोंड. ताल तेच धरतं ना गं?"

"मला काय ठाऊक," चंद्राबाई म्हणाली. "मी तर आजवर तुमचंच समजून ऐकत आले."

शनिवारी पटांगण भरलं. धुकं अजून उतरायचं होतं. पांढरी गाडी कडेला येऊन उभी होती आणि चंद्राबाईचं गाठोडं तिच्या पायाशी होतं. जिल्ह्याचे साहेब जाडजूड जाकीट घालून आले. मॅडम म्हणाल्या, "सर, जाकीट काढावं लागेल. इथं नुसतं ऐकायला कुणी येत नाही." साहेबांनी काढलं. क्षणभर काही नाही, मग त्यांच्या काखेच्या बाजूनं तुणतुणं वाजायला लागलं. साहेब दचकले, मग लाजले, मग कौतुकानं स्वतःकडंच बघायला लागले. "मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. शहरात सगळे कपड्यात असतात, कुणाला काय माहीत असणार.

मग गाव वाजलं. टाळ, खुळखुळे, पिपाणी, शाळामास्तरांची घंटा, माळेगावकडून आलेल्या सुनेचा पैंजण, सगळं एका तालात, आणि सगळ्यांच्या पुढं ते संबळ. हिवाळ्याला आपल्याच आवाजाची भूल पडली म्हणतात तसं झालं. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांतल्या गाठी सैल झाल्या. उंबरे नजीकच्या थंडीसारखी थंडी तालुक्यात वाजत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या सकाळी ते सगळ्यांनी ऐकलं.

साहेबांनी हात वर केला. "ताल कोण धरतंय? हे संबळ कुणाचं?"

सगळं गाव आबांकडं वळलं. आबांनी नेहमीसारखी छाती पुढं काढली. तात्यांनी बाजूच्या माणसाला कोपर मारलं, आता आईकडून मढवल्याचं सांगतील म्हणून.

आबांनी पांढऱ्या गाडीकडं बघितलं. मग गाठोड्याकडं. त्यांची छाती आत गेली नाही, तिथंच राहिली.

"साहेब," आबा म्हणाले, "मोठं तोंड तेवढं माझं."

पटांगणात हसू फुटलं. आबांनी हसू विरायची वाट बघितली. त्यांना घाई नव्हती.

"लहान तोंड हिचं. ताल हिचाच. इतकी वर्षं हिचा ताल मी माझा म्हणून मिरवला. मी आपला मागून धूम् म्हणतो. ही गेली तर हे सगळं पांगंल."

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान डोलावली आणि चंद्राबाईला वेशीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. ती निघाली तसा ताल ढिला पडत गेला. टाळ आधी चुकले, मग घंटा. ती वेशीपाशी पोचली तेव्हा सगळं गाव नुसतं कुडकुडत होतं आणि साहेबांचं तुणतुणं दात वाजवत होतं. "बोलवा, बोलवा त्यांना," साहेब म्हणाले. चंद्राबाई परत आली. ताल परत आला.

साहेबांनी गाडीवाल्याला हात केला आणि गाडी रिकामी गेली. घोंगडी साहेबांनी आपल्या हातानं चंद्राबाईला दिली. आबांना काढा मिळाला, तो त्यांनी तोंड वाकडं करत संपवला. मॅडमनी बायांची आणि पुरुषांची वेगळी रांग त्याच दिवशी बंद केली आणि चंद्राबाईला पहिल्या ओळीत आबांशेजारी उभं केलं.

तिनं घोंगडी अंगावर घेतली नाही. घडी करून काखेत धरली, कारण पांघरली की वाजणं बंद होतं. आबा तिच्या बाजूला असे उभे होते, की लग्नातसुद्धा असे उभे राहिले नसतील. कुणीतरी विचारलं, "आबा, अर्धंच राहिलं की तुमच्याकडं." आबा म्हणाले, "अर्धं कसं? दोन्ही इथंच हायेत की."

पुन्हा वाजायला सुरुवात झाली. पहिल्याच आवर्तनात पिपाणी सगळ्यांच्या वर चढली. आबांनी सवयीनं तोंड उघडलं, पण चंद्राबाई आधी वळली.

"तात्या, जरा दमानं," ती म्हणाली. "माझं संबळ ऐकू येऊ द्या लोकांना."

तात्यांनी निमूटपणे मफलर गुंडाळला.