अमावास्येचे धक्के

"मामा, अमावास्येला दिल्लीचे साहेब मशीन बघायला येणार आहेत. खोली झाडून ठेवा," डॉ. महेंद्र शेलारनं फोनवर बजावलं.

"झाडून कशाला, सारवून ठिवतो की," हौसराव म्हणाले. "येऊ द्या त्यांस्नी, चांगला दिवस हाय."

मशीन म्हणजे भूकंपमापक. लातूरकडं जमीन हादरली, त्याच्या पुढच्याच वर्षी महेंद्रनं ते वडगाव रासाईला, हौसरावांच्या मळ्यातल्या खोलीत, सिमेंटच्या कट्ट्यावर बसवलं होतं. पेन कागदावर रेघ ओढायचं, हौसराव कागद बदलायचे आणि टपालानं पुण्याला धाडायचे. त्या कागदांत महेंद्रला घबाडच सापडलं. दर अमावास्या-पौर्णिमेला पेन उड्या मारत होतं! चंद्राच्या ओढीनं भीमेकाठचा खडक हलतो, असा निबंध त्यानं ठोकून दिला. तो परदेशात छापून आला आणि जगभरचे संशोधक आपापल्या निबंधांत त्याचा दाखला देऊ लागले. संशोधकाची पत या दाखल्यांवरच ठरते, त्यामुळं यवतचा महेंद्र बघता बघता मोठा माणूस झाला.

मग पेपरात बातमी आली, 'भीमेच्या पोटात हालचाल'. बातमीनंतर धक्के वाढले. महेंद्रनं दुसरा निबंध लिहिला, त्याचीही बातमी झाली, धक्के आणखी वाढले, तिसरा निबंध आला. बातमी छापल्यावर खडक जास्त का हलतो, हे महेंद्रनं स्वतःला विचारायला हवं होतं. पण दाखले मोजण्यातून गड्याला सवड कुठली!

आता प्रोफेसरच्या जागेची निवड होती. निवड समितीत शब्द चालायचा तो याच दिल्लीच्या साहेबांचा, आणि महेंद्रचे सगळ्यात जास्त दाखले दिले होते तेही त्यांनीच.

अमावास्येच्या संध्याकाळी साहेबांना घेऊन महेंद्रची जीप मळ्यात शिरली, तर खोलीपुढं ही भली मोठी रांग. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, आणि प्रत्येकाच्या हातात नारळ.

"हे काय आहे, मामा?"

"दर अवसंला असतंय की," हौसराव कौतुकानं म्हणाले. "पयलं मी एकटाच फोडायचो. भूकंपाचं मशीन दारात आलंय, त्याची मर्जी राखाया नगं व्हय? मग तुमचं पेपरात आलं, आन् समदं गाव याया लागलं. पुनवंला नुसत्या बाया असत्यात."

"फोडता कुठं?" महेंद्रनं विचारलं.

"कट्ट्याव. तिथं दुसरं टणक हाय काय?"

"पर मशीनला धक्का लागू देत न्हाई हां आम्ही," भागुबाई, हौसरावांची बायको, घाईनं म्हणाली. "लांबच्या कडंला फोडतो." आणि तिनं पाहुण्यांचा मान म्हणून साहेबांच्याच हातात नारळ दिला.

साहेबांना मराठी कळत नव्हती, पण नारळ कळत होता. त्यांनी हसत हसत तो कट्ट्यावर आपटला. पेन उडालं आणि कागदावर नक्षी उमटली. पहिल्या निबंधात महेंद्रनं छापलेली, जगानं दाखल्यात घेतलेली, हुबेहूब तीच नक्षी! साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी कागद बघितला, हातातली भकलं बघितली, दारातली रांग बघितली.

महेंद्र शरमेनं अर्धा झाला. उभा जन्म धरणीचा अभ्यास केला, आता तिनं दुभंगून पोटात घ्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. पण खडक भक्कम होता, जागचा हलला नाही. मशीन बसवल्यापासून आपण एकदाही अमावास्येला इथं फिरकलो नाही, हे आठवून त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, चूक माझी आहे," तो कसाबसा हिंदीत म्हणाला. "तिन्ही निबंध मी मागे घेतो. जागेसाठी माझा विचार करू नका."

साहेब हळूच म्हणाले, "आपके तो तीन हैं. मेरे सात इन्हीं पर खड़े हैं."

त्या दोघांचे पडलेले चेहरे बघून हौसराव घाबरले. "काय चुकलं का आमचं? साहेबांस्नी इचारा, बंद करू का नारळ?"

महेंद्रनं विचारलं. साहेबांनी मान वर केली नाही.

"नहीं नहीं," ते म्हणाले. "श्रद्धा की बात है. बंद मत करवाइए."

हौसरावांची नजर चुकवून महेंद्रनं सांगितलं, "साहेब म्हणतात, चालू द्या."