गुरुजींची पाचवी कादंबरी

रामकिशन गुरुजींच्या पाचव्या कादंबरीची आतली पानं छापून, घडी घालून नांदेडहून एसटीच्या पार्सलनं औशाला आली. गुरुजींनी ती नाकाला लावून शाईचा वास घेतला न घेतला, तोच दारात मनिषा उभी. त्यांनी पानं चटकन उशीखाली सारली.

"सर, खरं सांगा. तुम्ही परत लिहून राहिलाव ना?"

"छे छे! कोण म्हणालं?"

"काकूच म्हणाल्या फोनवर. चार महिने झाले, खुर्चीवरून उठंनात म्हणल्या."

एवढं बोलून मनिषा उंबऱ्यातच बसली आणि रडायला लागली. आता लेखकानं लिहिलं म्हणून एखादी बाई रडते कशाला, हे आधी सांगायला हवं.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. चाळीस वर्षं लिहीत आलेले. काय लिहिलं नाही म्हणून विचारा! रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी युरियावर नाटिका लिहिल्या, लोकांच्या लग्नपत्रिकेत चार ओळी जुळवून दिल्या, तीन सरपंचांना भाषणं लिहून दिली आणि निम्म्या तालुक्याला श्रद्धांजली वाहिली. या सगळ्यातून वेळ काढून चार कादंबऱ्या लिहिल्या. पण त्या वाचल्या कुणी? प्रकाशनाला आलेले लोक प्रत घेऊन जात आणि पुढं बाजारात भेटले की "कव्हर लई झकास हाय गुरुजी" म्हणत. गुरुजी थकले होते. लिहून नव्हे, कव्हरचं कौतुक ऐकून थकले होते.

आणि सात वर्षांपूर्वी लातूरची ही मनिषा दारात आली. तिला त्यांच्यावर पीएच.डी. करायची होती! गुरुजींनी त्या दिवशी बायकोला, भामाबाईंना, तीनदा चहा टाकायला लावला. विषय ठरला, 'रामकिशन वाघमारे यांच्या समग्र कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास'. त्यातला 'समग्र' तिच्या गाईडनं घातला होता. तेव्हा कादंबऱ्या दोनच होत्या आणि समग्र म्हणायला काही जड जात नव्हतं. पण आपल्याला कुणी वाचतंय म्हटल्यावर गुरुजींना चेव आला आणि त्यांनी तिसरी लिहिली. मनिषाला एक प्रकरण वाढवावं लागलं. मग चौथी आली.

"सर, तिसऱ्या कादंबरीत माझं लग्न झालं," मनिषा डोळे पुसत म्हणाली, "चौथीत शिवम झाला. फेब्रुवारीत माझी शेवटची मुदत संपतीय. गाईड म्हणतात, समग्र म्हणजे समग्र. एक पुस्तक सुटलं तर बाहेरचे परीक्षक तिथंच धरतील. अजून किती वर्षं मी तासावर शिकवू? तुमच्या पाया पडते, पाचवी नका आणू."

ही पोरगी म्हणजे त्यांची एकुलती एक वाचक. त्यांनी उशीवर जरा जड टेकून बसत शब्द दिला, "नाही आणत."

ती बसनं गेली आणि गुरुजींनी नांदेडला किशनरावांना फोन लावला. किशनराव म्हणजे त्यांचे प्रकाशक. चारही पुस्तकं त्यांनीच काढली होती. दुसरा कुणी काढत नव्हता.

"किशनराव, पुस्तक थांबवा. पुढच्या वर्षी काढू."

"पुढच्या वर्षी? कोण काढणार? मी मार्चपासून पोराकडं चाललोय पुण्याला. दुकानाला कुलूप. सांगितलं न्हाई का तुमाला?"

"मग आता कसं?"

"आता म्हणजे आताच. एकतीस डिसेंबरच्या आत काढलं तर पुरस्काराला बी जाईल. गुरुजी, तुमच्या मागच्या चार मी दोस्तीखातर छापल्या, खोटं कशाला बोलू? पण ही 'पोषण आहार' मी वाचली. रडलो हो म्हातारा!"

शाळेत दोनशे पोरांची खिचडी शिजवणाऱ्या बाईची ती गोष्ट होती. आपण आयुष्यात एकच बरं लिहिलं आणि ते हेच, हे त्यांना स्वतःला कळलं होतं. ते काढावं तर मनिषा बुडते, आणि नाही काढलं तर कादंबरी कायमची उशीखाली.

"कव्हर छापायचं राहिलंय," किशनराव हळूच म्हणाले. "नाव कव्हरवर अन् पयल्या पानावरच हाय, तेवढं पान परत छापता येतंय. दुसऱ्या कुणाचं टाकू का?"

"टोपणनाव?"

"ते न्हाई चालत. पुरस्काराच्या फॉर्मला फोटो, आधारची झेरॉक्स अन् सही लागती. खराखुरा माणूस पाहिजे."

खराखुरा माणूस चुलीपाशी भाकरी थापत होता. गुरुजींनी सगळं समजावून सांगितलं. भामाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली.

"म्या लिवलं म्हणून सांगायचं?"

"सांगायचं काही नाही. नाव फक्त तुमचं."

"तसंबी खिचडीत मीठ किती टाकत्यात ते कोण सांगितलं? तुमाला तर घरातल्या मिठाचा डबा घावत न्हाई. टाका माझं नाव."

झालं. बँकेच्या पासबुकासाठी काढलेला भामाबाईंचा फोटो फॉर्मला चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींना स्वतःच्या कादंबरीची प्रत भेट मिळाली, तीही 'सौ. भामाबाई यांजकडून'.

फेब्रुवारीत मनिषानं प्रबंध दिला आणि गुरुजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण मार्चमध्ये पेपरात परीक्षण आलं. 'पुरुष लेखकांना सात जन्मांत जमणार नाही असं हे लेखन आहे,' असं लिहिलं होतं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं. खूश व्हावं की चिडावं तेच त्यांना कळेना. एप्रिलमध्ये लेखिकेला भेटायला देवणीहून बायकांची जीप आली. गुरुजींनी त्यांना चहा करून दिला. एकीनं विचारलंसुद्धा, "काकू, ह्यो मामा तुमाला लिवू देतो का?" भामाबाई म्हणाल्या, "देतो की. आडवा येत न्हाई." आणि मे महिन्यात पुरस्कार जाहीर झाला.

आता गुरुजींचा जीव वर-खाली. कार्यक्रम लातूरला. भाषण करावं लागणार! त्यांनी चार रात्री जागून भामाबाईंसाठी भाषण लिहिलं. इतकी वर्षं स्वतःला पुरस्कार मिळाला तर काय बोलायचं ते डोक्यात तयारच होतं, फक्त 'मी' च्या पुढची क्रियापदं बदलावी लागली. भामाबाईंनी शाल, श्रीफळ घेतलं, माईकसमोर उभ्या राहिल्या, कागद उघडला आणि परत मिटला.

"चष्मा घरीच ऱ्हायला," त्या म्हणाल्या. गुरुजींनी पहिल्या रांगेत डोळे मिटले. "खरं सांगते, हे पुस्तक म्या लिवलंच न्हाई."

गुरुजींच्या हातातली स्मृतिचिन्हाची पिशवी खाली पडली.

"मला काय लिवता येतंय? आमच्या शाळेत लक्ष्मम्मा खिचडी शिजवायची. पोरं जेवली की तळाला काय उरंल ते पदरात बांधून न्यायची. ते म्या बगितलं अन् घरी येऊन ह्यांना सांगितलं. तिचं पुस्तक हाय हे. माझं न्हाई."

असा टाळ्यांचा कडकडाट गुरुजींनी लातुरात ऐकला नव्हता. शेजारचे गृहस्थ डोळे टिपत म्हणाले, "काय नम्रता आहे बाईंची!" दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'हे पुस्तक माझे नाही, लक्ष्मम्माचे'. भामाबाईंनी भरसभेत खरं सांगून टाकलं होतं आणि एकाही माणसानं ते ऐकून घेतलं नव्हतं.

पावसाळ्याच्या अखेरीस मनिषा पेढे घेऊन आली. डॉक्टर झाली होती, आणि अर्धापूरच्या एका कॉलेजात तिला कायमची जागा लागली होती. तिनं गुरुजींच्या हातात जाडजूड प्रबंध ठेवला. आपल्यावरची साडेतीनशे पानं! गुरुजींनी हात धुऊन तो घेतला आणि थेट शेवटचं पान काढलं.

'चौथ्या कादंबरीनंतर लेखकाची प्रतिभा आटलेली दिसते,' तिथं लिहिलं होतं.

"राग नका मानू सर," मनिषा खाली बघत म्हणाली. "चिकित्सक अभ्यास आहे, एखादा तरी दोष दाखवावा लागतो. तुम्ही शब्द पाळला म्हणून मला तो सापडला तरी."

"छे, राग कसला," गुरुजी म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

मनिषासोबत एक तरुण मुलगी आली होती. आल्यापासून ती भामाबाईंकडेच बघत होती. "ही बुद्धप्रिया," मनिषा म्हणाली. "आमच्याच गाईडकडं रजिस्ट्रेशन करतेय. काकूंवर!"

बुद्धप्रियानं भामाबाईंना वाकून जयभीम केला. "काकू, 'पोषण आहार' मी तीनदा वाचलंय. दुसऱ्यांदा वाचताना माझी आई बाजूला बसून ऐकत होती. तिनं अठरा वर्षं शाळेत खिचडी शिजवली. म्हणाली, हे लिहिणाराला आमचं सगळं माहीत हाय." "फक्त एक अडचण आहे," ती म्हणाली. "गाईड म्हणतात, एका पुस्तकावर पीएच.डी. होत नाही. तीन तरी पाहिजेत. काकू, अजून दोन लिहाल का? लिहाच."

गुरुजींनी वर बघितलं. चाळीस वर्षांत कुणी त्यांच्या घरात येऊन 'कादंबरी लिहा' म्हणालं नव्हतं.

भामाबाईंनी पदर सावरला. "लिवीन की. त्यात काय येवढं?" आणि त्या नवऱ्याकडं वळल्या. "ओ, ऐकलं का? लेकराला अजून दोन पाहिजेत."

"कधीपर्यंत?" गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

बुद्धप्रिया अवघडून हसली. "सर, मी काकूंना म्हणत होते."

"हाव, हाव. त्यांच्यासाठीच विचारलं," गुरुजी म्हणाले, आणि आत कोरे कागद शोधायला गेले.