काठी गेटवर आहे

आप्पाजींना काठी हवी होती. मागणी एवढीच. बंगळुरातल्या त्या तुरुंगात त्यांची बराक एका टोकाला, भेटीची खोली गेटाशी. मधे तीनशे पावलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी भिंत धरून जायला त्यांना वीस मिनिटं लागत, आणि भेट असे वीसच मिनिटांची. तिकडे देवनहळ्ळीहून दोन बस बदलून आलेली यल्लव्वा जाळीशी उभी राहून परत जाई. चार शनिवार नवराबायकोनं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

जेलर पद्माकरसाहेब निपाणीकडचे, मराठी बोलणारे आणि मनाने हळवे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, डोळे पुसले आणि नियम दाखवला: काठी हे हत्यार आहे.

“मी कुणाला मारणार साहेब? उचलली तर मीच पडतो की!”

“म्हणूनच, अज्जा. स्वतःला इजा करणंही कलमात बसतं.”

तरी शासन काही दगड नव्हतं. अर्जाची दखल घेऊन सत्त्याण्णव साली ‘वृद्ध बंदी गरजपूर्ती समिती’ नेमली गेली. अध्यक्षा सुचेताबाईंनी आठ बैठका घेऊन तोडगा काढला: काठी मंजूर. मात्र सुरक्षेच्या दृष्टीने ती गेटवर राहील. बंद्याने समक्ष येऊन, अंगठा उठवून ती घ्यावी आणि परतताना तिथेच जमा करावी.

“पण गेटपर्यंत येऊ कसा?” आप्पाजींनी विचारलं.

“चालत.”

“आणि आलोच, तर काठी कशाला?”

“सरी, अगदी बरोबर! आलात, तर गरज नाही हे सिद्ध होतं. नाही आलात, तर तुम्हालाच नको होती,” साहेब मायेनं म्हणाले.

काठीवाटपाचा समारंभ शनिवारी झाला. चार शिपायांनी आप्पाजींना खुर्चीसकट उचलून दोन मिनिटांत गेटवर आणलं. जाळीपलीकडे यल्लव्वा! म्हाताऱ्याला भडभडून आलं. पण आधी हार, मग सुचेताबाईंचं वार्धक्यावर भाषण, मग फोटो. ते जाळीकडे वळले की फोटोवाला ओरडे, “अज्जा, स्वल्प इकडे बघा, हसा!” तेवढ्यात घंटा झाली. काठी जमा झाली. वहीत नोंद पडली: भेट पूर्ण.

“पुढल्या शनिवारी असंच उचलून आणा की, साहेब,” आप्पाजींनी हात जोडले.

“ती तरतूद समारंभापुरती असते, अज्जा.”

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. त्यात कडेला, जाळीतून आत आलेला बांगड्यांचा हात यल्लव्वाचा. तुमचं लक्ष गेलं नसेल. चहाचा घोट घेत तुम्ही “तुरुंगात बरे लाड चाललेत म्हाताऱ्यांचे!” एवढंच म्हणालात. तेव्हा आतल्या खोलीतून तुमचे वडील तिसऱ्यांदा हाक मारत होते. तुम्ही पान उलटलंत.