टाचेखालचा चंद्र

चंद्र सोडला तर बाकीचं तळं पुरं झालं होतं. मापकाकांच्या बायकोने कित्येक महिने खपून जेवणाच्या टेबलावर लाकडी तुकड्यांचं चित्र जुळवलं होतं. काळंभोर पाणी, काठावरची झाडं, मधोमध एक रिकामी होडी. तोवर नवराबायको मांडीवर ताटं घेऊन जेवत होती आणि तक्रार करायची कुणाची हिंमत नव्हती, कारण बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. शेवटचा तुकडा म्हणजे कोटाच्या बटणाएवढा, जाडजूड, कंगोऱ्यांचा चंद्र. तो वाटीत झाकून ठेवला होता. संध्याकाळी शेजारच्या वकिलांच्या साक्षीने तो बसवायचा बेत होता.

मापकाका बुटांच्या दुकानात पायांची मापं घेत. गिऱ्हाइकाला नवा बूट चढवायचा, चवड्यावर अंगठा दाबायचा आणि विचारायचं, "इथे लागतंय का?" उभा जन्म त्यांनी हा एकच प्रश्न विचारला होता. आता तोच प्रश्न कुणी त्यांना विचारला असता तर पंचाईत झाली असती. मधुमेहाने त्यांच्याकडे फार पूर्वीच बिऱ्हाड केलं होतं आणि हल्ली तो पायांत उतरला होता. आधी पायांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही कंटाळून निघून गेल्या आणि मागे नुसता कापूस राहिला.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "पायाच्या नसा बधिर झाल्यात. बूट घालण्याआधी झटकायचे, रोज रात्री तळवे तपासायचे आणि घरी सांगायचं." काकांनी तिन्ही गोष्टींना मान डोलावली आणि तिन्ही गोष्टी गिळल्या. बायकोला कळलं की दुकान बंद, फिरणं बंद, खिडकीशी खुर्ची आणि गुडघ्यावर शाल, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांना तर सकाळी कालव्याच्या काठाने दुकानापर्यंत चालत जाण्याइतकं दुसरं काहीच आवडत नसे. हल्ली जमीन लागत नव्हती, त्यामुळे आपण धुक्यावरून चाललोय असं वाटे आणि खरं सांगायचं तर ते त्यांना थोडं आवडतही होतं.

परवा मात्र घोटाळा झाला होता. काका एकच चप्पल घालून घरी आले. दुसरी जिन्यात गळून पडली होती आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. "पट्टा तुटला," त्यांनी ठोकून दिलं. बायकोने जिन्यातली चप्पल उचलून आणली, धडधाकट पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि ती काहीच बोलली नाही. ही बाई बोलली नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, हे काकांच्या लक्षात यायला हवं होतं.

आज काका बूट घालून निघाले तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"काही होत नाहीये ना?"

"मला? मला काय धाड भरलीय?"

"नाही, सहज विचारलं."

ते शेवटची पायरी उतरेपर्यंत ती कठड्यावरून वाकून बघत होती. या वयातही बायको निरोप द्यायला उभी राहते म्हणून काकांना आतून गुदगुल्या झाल्या. कालव्यावर पातळ धुकं होतं. पाण्यात झाडं उलटी उभी होती. आपण बायकोच्या त्या तळ्यातूनच चाललोय, होडी पुढे असेलच, असं मनात घोळवत ते तरंगत दुकानात पोहोचले.

दुकान उघडतंय न उघडतंय तोच बायकोचा फोन आला.

"अहो, चंद्र हरवलाय."

"वाटीतून?"

"वाटीतून. तुमच्याकडे आलाय का बघा."

"माझ्याकडे कसा येईल? हे बघ, खिसे रिकामे आहेत."

"खिसेच बघितलेत का फक्त?"

"आता काय पोटात बघू? वकिलांना विचार. काल माझं पेन खिशात घालून गेले ते."

"अहो, वकिलांचं काय घेऊन बसलात! तुम्ही जरा..."

गिऱ्हाईक आलं म्हणून काकांनी फोन ठेवला, पण बायकोचा कातर आवाज कानात राहिला. बिचारी! इतक्या महिन्यांची मेहनत! त्यांचा पुरुषार्थ जागा झाला आणि त्यांनी वकिलांनाच फोन लावला. "वकीलसाहेब, चुकून तुमच्या खिशात चंद्र तर नाही ना गेला?"

वकील थोड्याच वेळात दुकानात हजर झाले. "घ्या झडती!" म्हणत त्यांनी खिसे उलटे केले. काकांचं पेन निघालं, कुणाकुणाच्या काडेपेट्या निघाल्या आणि शेवटी बूट चढवायची पितळी पट्टी निघाली.

"ही तर आमची!" मालक गल्ल्यावरून ओरडले.

"पट्टी तुमची असेल, पण चंद्र मी घेतलेला नाही," म्हणत वकिलांनी बूट आणि भोक पडलेले मोजेसुद्धा काढून दाखवले. "आता इतरांनी काढा! मी एकटाच का?"

मालकांना वाटलं, आपण मागे राहिलो तर संशय येईल. त्यांनी काढले. एक बाई सपाता बघत होत्या, त्यांनी भीतभीत पायातले बूट काढले. बाहेर उभ्या असलेल्या गृहस्थांना वाटलं, आत बूट काढूनच जायची पद्धत असावी. तेही काढून आत आले. थोड्या वेळात दुकानभर अनवाणी माणसं उभी होती. बूट होते ते फक्त काकांच्या पायात. ते सगळ्यांचे बूट उलटे करून झटकत होते.

तेवढ्यात धापा टाकत बायको आत आली. तिने एकदा सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं.

"बसा," ती काकांना म्हणाली. "स्टुलावर बसा. बूट काढते."

"अगं, इथे? चारचौघांत?"

"चारचौघांनी काढलेत. तुम्हीच राहिलात."

ती खाली बसली. डावा बूट तिने उलटा केला आणि टप्पकन चंद्र जमिनीवर पडला. मोज्याच्या टाचेवर छोटा लाल डाग होता.

"मुद्देमाल!" वकील ओरडले आणि डाग दिसताच गप्प झाले.

"हा इथे कसा आला?" काकांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळेना.

"मी ठेवला," बायको म्हणाली. "वाटलं, दारातच ओरडाल. मग वाटलं, पहिल्या पायरीला. मग वाटलं, फाटकाशी तरी. तुम्ही आपले शीळ घालत निघून गेलात हो! फोनवर नीट सांगावं तर तुम्ही वकिलांच्या मागे लागलेले." तिने डोळे पुसले. "डोळे मिटा. माझा हात कुठेय सांगा."

काकांनी डोळे मिटले. त्यांनी खूप वाट पाहिली, पण पायाकडून काहीच निरोप आला नाही. शेवटी ते सवयीने म्हणाले, "चवड्यावर. अंगठा दाबतेयस."

डोळे उघडले तर बायकोने त्यांचं अख्खं पाऊल दोन्ही हातांत गच्च धरलं होतं.

काकांना रडू आलं. "आता खिडकीशी खुर्ची टाकशील," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं? मला तुमचं चालणं बंद करायचं नाहीये. लपवणं बंद करायचंय. चला, आधी डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी दोघांनाही झापलं. काकांना न सांगितल्याबद्दल आणि बाईंना परीक्षेच्या पद्धतीबद्दल. मुख्याध्यापिकेने आयुष्यात पहिल्यांदा खाली मान घालून ऐकून घेतलं. टाच भरेपर्यंत काका पाय उशीवर ठेवून पुऱ्या झालेल्या तळ्याकडे बघत बसले. चंद्राचा एक कंगोरा चेपला होता, पण बायकोने तो तसाच बसवला.

आता रोज सकाळी ती त्यांच्या बुटात काहीतरी टाकून ठेवते. कधी वाटाणा, कधी बटण, कधी खडूचा तुकडा. काका बूट झटकतात, वस्तू तिच्या हातावर ठेवतात आणि मग दोघं कालव्याकडे निघतात. एकदा बुटातून काहीच पडलं नाही तेव्हा ते इतके हिरमुसले की बायकोला मुद्दाम आत जाऊन वाटाणा आणावा लागला.

एका सकाळी त्यांनी डाव उलटवला. ती बूट घालून पहिली पायरी उतरली आणि किंचाळली, "आई गं! अहो, काय हा चावटपणा! केवढं टोचलं!"

काका दारातच थांबले होते, डोळे मिटून.

"पुन्हा ओरड ना," ते म्हणाले. "काय छान वाटलं ऐकून."