बाटलीतला उपासाचा चिकू

श्यामकांत सरांनी एकदा ठरवलं की ठरवलं. झरीजवळच्या पाड्यावर त्यांची शाळा. तिला प्रयोगशाळा मिळवून द्यायचीच, हे त्यांनी जूनमध्येच ठरवून टाकलं होतं. श्रावणात तपासणीला साहेब येणार आणि आसपासच्या शाळांपैकी एकीलाच प्रयोगशाळा देणार, हे कळल्यावर ते डहाणूच्या घरी बायकोला म्हणाले, "सुधा, प्रयोगशाळा खिशात आली असं समज."

"अहो, आधी तो फाटका खिसा शिवायला टाका," सुधाताई म्हणाल्या.

सरांचा बेत साधा होता. काचेच्या बाटलीत पेटता कागद टाकायचा आणि तोंडावर उकडलेलं, सोललेलं अंडं बसवायचं. जाळ विझला की आतली हवा निवते, तिचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा अंड्याला आत ढकलते. पोरांना पुस्तकातला नियम डोळ्यांनी दिसतो. पण मुख्याध्यापिका सुषमाबाईंना आधी अंडंच दिसलं.

"सर, साहेब सोमवारी येतायत. श्रावणी सोमवार. शाळेत अंडं आणायचं नाही."

"बाई, हा गे-ल्युसॅकचा नियम आहे."

"त्यांना श्रावण नसेल. आपल्याला आहे."

"पण ते खायचं नाहीये हो, बाटलीत घालायचंय."

"कुठेही घालायचं नाही."

दुसरा कुणी फळ्यावर आकृती काढून मोकळा झाला असता. सरांनी चिकू घेतला. डहाणूत राहणाऱ्या माणसाला गोल, गुळगुळीत आणि उपासाला चालणारी वस्तू हवी असेल, तर दुसरं काय सुचणार? घरी तालीम सुरू झाली. कच्चा चिकू बाटलीवर बुचासारखा ढिम्म बसून राहिला. फार पिकलेल्याचा गर आत गेला आणि बिया बाहेर राहिल्या. तिसरा निम्म्यावर अडकला, तो सुरीने काढावा लागला. फसलेल्या प्रत्येक प्रयोगाचं मिल्कशेक होत होतं आणि ते सुधाताईंना प्यावं लागत होतं.

"तुमचा नियम सिद्ध होईपर्यंत मी चिकू होईन," त्या म्हणाल्या. सर नवा चिकू सोलत होते.

सोमवारी वर्ग खचाखच भरला. साहेब पुढच्या बाकावर बसले, पांढराशुभ्र शर्ट घालून. सरांनी पेटता कागद बाटलीत टाकला, वर सोललेला चिकू बसवला. जाळ विझला. चिकू हलेना. आजवरच्या सगळ्या खटपटीचा निकाल त्या बाटलीच्या तोंडावर लटकला होता.

"सर, त्याला आत जायचाच नाय," चिमी पहिल्या रांगेतून म्हणाली.

तेवढ्यात चिकू जरासा थरथरला, आखडला आणि गपकन आत पडला. पोरांनी बाकं बडवली. साहेब उठून उभे राहिले.

"वा. आता बाहेर काढून दाखवा."

याची तालीम झाली नव्हती. पण 'जमणार नाही' हे शब्द सरांच्या तोंडून कधी निघालेच नव्हते. बाटलीत हवा भरली की आतला दाब वाढेल आणि चिकूला बाहेर यावंच लागेल, हा हिशेब त्यांनी उभ्याउभ्याच केला. त्यांनी बाटली तिरकी उलटी धरली, चिकू तोंडाशी आणला आणि गाल फुगवून फुंकलं. आतून चिकू निघाल्याचं जाणवताच सरांनी मान बाजूला केली. नेमके त्याच वेळी साहेब सरांच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

चिकू साहेबांच्या शर्टावर फुटला होता. सुषमाबाईंनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी छातीवरचा गर बोटाने निपटला आणि चाखला.

"गोड आहे," ते म्हणाले. "आणि सर, काय प्रयोग केलात! इतक्या शाळा पाहिल्या, हे कुठे पाहिलं नाही."

सरांना शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत प्रयोगशाळेच्या भिंती उठताना दिसू लागल्या.

"मग साहेब, प्रयोगशाळा..."

"तुम्हाला कशाला? एका बाटलीत आणि एका चिकूत तुम्ही सगळं दाखवलंत. सकाळी ज्या शाळेत गेलो, तिथल्या सरांना फुगासुद्धा फुगवता आला नाही हो. खरी गरज त्यांना आहे."

संध्याकाळी सर घरी आले. सुधाताईंनी दारातच विचारलं, "जमला का प्रयोग?"

सर चपला काढत म्हणाले, "नको तेवढा जमला."